दुपारी घरी कोण असतं?

"दुपारी घरी कोण असतं?"

कुत्र्याची पिल्लं दाखवणाऱ्या काकांनी एवढंच विचारलं आणि आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो.

लेकीच्या मांडीवर बीगल. माझ्या चपलेचा पट्टा लॅब्रॅडॉरच्या तोंडात. महिनाभर हाच वाद चाललेला. तिला बीगल हवा, कारण दहा-बारा किलोचा, फ्लॅटमध्ये मावेल. मला लॅब, कारण तो शांत असतो, असं मी आपलं ठरवून टाकलेलं.

काका हसले. "बीगल लहान आहे हो, त्याचा आवाज लहान नाही. सशांमागे कळपाने धावणारी जात ती. एकटा कोंडलात तर सगळी सोसायटी दारात येईल. आणि एकदा वास लागला की तुमची हाक गेली उडत." मग लॅबकडे बघून, "हा तीस किलोचा होणार. पहिली दोन वर्षं शांत-बिंत विसरा. राहता कितव्या मजल्यावर?"

तिसऱ्या. लिफ्ट नाही.

"म्हातारपणी याचे खुबे दुखायला लागले की खाली उचलून कोण नेणार?"

तेव्हा लेक कुठल्या गावात असेल, माझे गुडघे कसे असतील, हा हिशोब कुणी केलाच नव्हता. आम्ही कान बघत होतो, रंग बघत होतो. नाव तर ठरलंसुद्धा होतं.

तुटक्या पट्ट्याची चप्पल ओढत परत आलो. लेक रिक्षात चकार शब्द बोलली नाही. जिन्यापाशी गल्लीतला काळू उठला आणि नेहमीसारखा बिस्किटासाठी तिन्ही मजले मागे मागे चढून आला.

"बाबा, हा दुपारी कुठे असतो?"