तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या घरात आधी सोलर की आधी खिडक्या?

जुनं घर दुरुस्तीला काढतोय, विजेचं बिल कमी करायचंय, तर आधी सोलर बसवू की खिडक्या बदलू, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते. आणि माझं उत्तर ऐकून बहुतेकांचं तोंड पडतं, कारण मी म्हणते दोन्ही थांबवा, आधी छताकडे बघा.

उन्हाळ्यात छत दिवसभर तापतं, थंडीत घरातली गरम हवा वर चढून तिथूनच निसटते, म्हणजे दोन्ही ऋतूंत मार तिथेच. इन्सुलेशन म्हणजे काय तर अडकवून ठेवलेली हवा, बाकी काही नाही. 10 सेंटीमीटर रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी) जेवढी उष्णता अडवतं तेवढी अडवायला विटेची भिंत दीड मीटरहून जाड लागेल! पण पहिले काही सेंटीमीटरच सगळ्यात जास्त काम करतात, त्यामुळे दुप्पट जाडी म्हणजे दुप्पट बचत असा हिशोब लावू नका. गरम हवामान असेल आणि सपाट गच्ची असेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग मारला तरी चांगला फरक पडतो. गळती मात्र आधी बंद करा, ओलं इन्सुलेशन काही कामाचं नसतं.

मग फटी. वारा असेल त्या दिवशी उदबत्ती पेटवून चौकटी, पाइप, स्विचबोर्ड यांच्याजवळ धरा, धूर हलला की समजायचं. नीट मोजायचं तर दाराला मोठा पंखा लावून घरातल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक ठेवतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते बघतात. पॅसिव्ह हाऊस म्हणून अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं जे कडक स्टँडर्ड आहे त्यात नव्या घराला 0.6 वेळा चालतं, जुन्या घराच्या रिनोव्हेशनला 1, म्हणजे त्यांनीसुद्धा जुन्या घराला सूट दिलीये, तर तुम्ही कशाला अगदी परफेक्टच्या मागे लागताय. आणि फटी बुजवल्या की किचन-बाथरूमला एक्झॉस्ट हवाच. घरात गॅस किंवा लाकूड जळत असेल तर त्याला ताजी हवा यायची आणि धूर बाहेर जायची सोय पक्की करा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता भिंती, इथे मी जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. चुन्यात किंवा मातीत बांधलेली जुनी भिंत ओल शोषते आणि हळूहळू सोडते, तिला श्वास घेता यावा लागतो. वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते, मग पोपडे, बुरशी, आत लाकूड असेल तर तेही कुजतं. थंड प्रदेशात आतून इन्सुलेशन केलं की भिंत पूर्वीपेक्षा थंड राहते आणि घरातली वाफ त्यामागे जाऊन पाणी होते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला एकच विचारा, वाफ जाणार कुठून? तो गडबडला तर दुसरा माणूस शोधा.

खिडक्यांचं म्हणाल तर आकडे मोहात पाडणारेच आहेत. एकेरी काचेचं यू-व्हॅल्यू, म्हणजे काचेतून उष्णता किती जाते त्याचं माप, साधारण 5.7, साध्या दुहेरीचं 2.8च्या आसपास, आणि लो-ई कोटिंग (उष्णता परतवणारा पातळ थर) आणि मध्ये आर्गॉन वायू भरलेली दुहेरी काच जवळपास 1.1 पर्यंत येते. (यू जितकं कमी तितकी उष्णता कमी जाते.) पण पूर्ण घरात खिडक्यांचा भाग किती असतो? जुनी लाकडी चौकट मजबूत असेल तर रबर सील लावा, आतून दुसरी काच बसवा, बरंच काम होतं. आणि ऊन अडवायचं तर बाहेरून, छज्जा किंवा शटर, कारण आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं ना.

एसी, हीट पंप, सोलर शेवटी. घराची गरज कमी झाली की मशीन लहान लागतं, आणि मोठा एसी सारखा चालू-बंद होत राहिला तर दमट हवा नीट कोरडी करत नाही हे कोणी सांगत नाही. हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, बाहेरची उष्णता घरात आणतो, आणि एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, पण फटीतून ती निघून जात असेल तर काय उपयोग. सोलरचं पॅनेलही मग कमी लागेल. फक्त छताचं काम चालू असताना त्याच्या वायरिंगचा पाइप टाकून ठेवा, नंतर नवीन छत फोडायला नको.

आणि खिडक्या आधीच ऑर्डर करून बसला असाल तर निदान चौकट आणि भिंत यांच्यातली फट भरताना समोर उभे राहा, तिथे सगळे घाई करतात.