अडीच, साडेतीन वगैरे

परवा दुपारचा खेळ संपला, दिवे लागले आणि पडद्याशेजारचा दरवाजा ढकलून एक मुलगा हात करायला लागला, "इकडून मॅडम, इकडून." आत येताना मऊ गालिचा होता, पॉपकॉर्नचा वास होता, भिंतीवर पुढच्या सिनेमांची चकचकीत पोस्टरं होती. बाहेर पडताना सिमेंटचा जिना, पाण्याचे रिकामे जार, एसीच्या यंत्रांची घरघर आणि खाली थेट पार्किंग. पुढचा खेळ वेळेवर लागावा, गर्दीची सरमिसळ होऊ नये, असा काही हिशेब असणार त्यात. पण तो जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की सिनेमा सुटताना आत जाणारी माणसं मला कितीतरी वर्षांत दिसलेलीच नाहीत.

आता यात हळहळण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर देता येणार नाही. मी सिनेमाची परीक्षणं लिहिते, त्यामुळे अशा गोष्टींचा विचार करत बसणं कामाचंच आहे अशी स्वतःची समजूत घालता येते, एवढंच.

आमच्या तालुक्याच्या गावात एकच टॉकीज होतं. तीन ते सहाचा खेळ जिथून सुटायचा, त्याच दाराशी सहा ते नऊची रांग उभी असायची. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावरून जायची, आणि गावात सगळेच ओळखीचे, त्यामुळे चौकशीशिवाय कुणी सुटत नसे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला, आमच्याकडं यायला त्याला अर्थातच उशीर झाला. आई, शेजारच्या काकू, त्यांच्या नणंदबाई आणि लिंबूटिंबू म्हणून मी, अशा आम्ही रांगेत होतो. दार उघडलं आणि आतून बायका यायला लागल्या. नाकं लाल, डोळे सुजलेले, पदर अजून तोंडावरच. काकूंनी एकीला अडवून विचारलं, "कसा आहे गं?" ती बोलूच शकेना. तिच्या मागची म्हणाली, "रुमाल आणलाय ना? दोन लागतील."

ते ऐकल्यावर आमच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे जे काही उजळले! गावातून, शेतावरून, घरच्यांची मनं धरून, पोळ्या करून ठेवून आलेल्या बायका त्या. पैसे वसूल होणार याची खात्री पटली होती. आईनं तर लगेच वडिलांचा मोठा रुमाल पिशवीत आहे ना, ते चाचपून पाहिलं. त्यानंतर आमच्या घरात बरीच वर्षं सिनेमे रुमालांत मोजले जात. एक रुमाल म्हणजे बरा. कोरडा म्हणजे कशाला गेलो.

पुरुषांची रांग वेगळी. ते बाहेर आलेल्याला विचारत, "मारामारी आहे का?" उत्तर हो किंवा नाही, बास.

आणि आमचा डोअरकीपर. हा माणूस त्या टॉकीजमध्ये लागलेला प्रत्येक सिनेमा पाहत होता आणि एकही त्यानं पूर्ण पाहिलेला नव्हता. सुरुवातीला तो बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना जागा दाखवत असे, त्यामुळे त्याला सगळ्या सिनेमांचे शेवट ठाऊक आणि सुरुवात एकाचीही नाही. हिरो-हिरॉइनची ओळख कशी झाली हे त्याला कधीच माहीत नसायचं. पण त्याचं मत गावात शेवटचं. त्याची कसोटी अशी की गाणं लागल्यावर किती लोक बिडी ओढायला बाहेर येतात. सगळेच आले तर सिनेमा शुक्रवारी उतरणार. कुणीच आलं नाही तर दोन आठवडे बघायला नको. गाण्यांबद्दल याहून नेमकं काही माझ्या हातून अजून लिहून झालेलं नाही.

मला विचारतात ते स्टार. लेख पाठवला की उपसंपादकाचा पहिला निरोप येतो, "स्टार किती?" मजकूर नंतर वाचतात, म्हणजे वाचत असावेत. आणि मला त्या स्टारमधला अर्धा स्टार विलक्षण खुपतो. दोन कळतात, तीन कळतात. अडीच म्हणजे काय? अडीच म्हणजे दिग्दर्शक भेटला तर नजर चुकवायला नको, आणि वाचकानं पैसे घालवले तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणता यावं. आमची भाषासुद्धा या अडीचनंच घडवली आहे. 'उत्तरार्धात सिनेमाची पकड सैल होते.' 'तांत्रिक बाजू उत्तम.' 'संकलकानं कात्री आणखी निर्दयपणे चालवायला हवी होती.' आणि सगळ्यांची आजी, 'एकदा पाहायला हरकत नाही.' हरकत नाही! हरकत कुणी घेतली होती?

त्यात मराठी सिनेमा असला की आणखी अर्धा स्टार आपोआप चढतो. सगळे चढवतात, कुणी कबूल करत नाही. घरच्या लग्नात आमटी खारट झाली तरी पंगतीत कुणी बोलत नाही, उलट आणखी एक वाटी मागून घेतात, तसं आहे ते. निर्मात्यानं घर गहाण टाकलेलं असतं, नट स्वतः नाक्यावर उभे राहून प्रचार करत असतात, खेळ मिळालेला असतो दुपारचा, आणि अशा वेळी तुम्ही पटकथेतल्या भोकांबद्दल काय बोलणार? मला हा अर्धा स्टार अपमानाचा वाटतो. चांगल्या सिनेमाला त्याची गरज नसते आणि वाईटाला तो पुरत नाही.

दुपारच्या खेळावरून आठवलं. २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा म्हणून केवढा गदारोळ झाला होता. आधी संध्याकाळी ६ ते ९ असं जाहीर झालं, मग बरीच ओरड झाली आणि शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ ठरलं. नऊ तासांचा प्राइम टाइम जगात आणखी कुठं असेल असं वाटत नाही. त्यातले उन्हाचे तास बहुतेक करून आपल्या वाट्याला. तक्रार नाही माझी, मला दुपारचाच खेळ आवडतो. तिथं निवृत्त माणसं असतात, कॉलेज बुडवलेली जोडपी असतात, आणि एखादा नुसता एसीसाठी आलेला फिरता विक्रेता बॅग मांडीवर घेऊन झोपलेला असतो. परीक्षण लिहिणाऱ्याला याहून प्रामाणिक संगत मिळायची नाही.

सप्टेंबर २०२५ मात्र आमच्यासाठी दिवाळी होती. १२ तारखेच्या शुक्रवारी 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकदम लागले. आपल्याच सिनेमांनी आपल्याच सिनेमांचे खेळ खायचे, ही आपली जुनी खोड. त्यातून 'दशावतार' उठला आणि चालला, गर्दीत चालला. दिलीप प्रभावळकर वयाच्या ८१ व्या वर्षी बाबुली मेस्त्री होऊन तोंडाला रंग लावतात तेव्हा मी वही मिटून ठेवली. त्या रंग लावण्याला मी पाचाच्या पाच देईन. पुढं सिनेमा सूडाच्या वाटेला लागतो, तिथं मला दोन द्यावेसे वाटतात, कारण तिथं संहिता हात धरून सगळं समजावून सांगत राहते आणि कोकणच्या माणसाला कुणी काही समजावून सांगितलेलं आवडत नाही. पाच आणि दोनची सरासरी साडेतीन. साडेतीन छापून आलं. पण साडेतीनचा म्हणून सिनेमात एकही प्रसंग नव्हता. सरासरी काढली की जे दिसलं होतं तेच नाहीसं होतं.

'वाळवी'च्या वेळी वेगळीच पंचाईत. परेश मोकाशींचा तो सिनेमा आवडला, आणि आवडला म्हणूनच त्याविषयी काही लिहिता येईना. गोष्टीचा पहिला धागा सांगितला तरी पाहणाऱ्याची मजा जाणार. शेवटी मी स्वप्नील जोशीला इतका कोरडा क्रूर पाहून किती बरं वाटलं यावर अर्धा रकाना भरला. त्याच वर्षी आलेला 'आत्मपॅम्फ्लेट' मला त्याहून मोठा वाटतो. वर्गातल्या मुलीवर जीव जडलेला एक मुलगा, आणि त्याच्या डोक्यावरून देशाचा इतिहास नुसता धडाधड कोसळत जातो. जातीवर एवढं हसत हसत आणि एवढं झोंबणारं मराठी पडद्यावर फारसं आलेलं नाही. पुढं त्याचे दिग्दर्शक आशिष बेंडेंना पदार्पणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी पाहायला गेले तेव्हा थिएटरात इतकी शांतता होती की आपण हसलो की आपल्यालाच दचकायला होत होतं.

आणि 'बाईपण भारी देवा'. हा सिनेमा मला फारसा आवडलेला नाही हे मी चार बायकांत अजूनही बोलत नाही. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, प्रत्येकीला एकेक दुःख वाटून दिलेलं, सगळं कसं वाण दिल्यासारखं. पण २०२३ च्या त्या पावसाळ्यात बायका नऊवारी नेसून, नथ घालून, अख्ख्या सोसायट्याच्या सोसायट्या मिळून थिएटरात येत होत्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक आजी शेवटी उठून खुर्च्यांच्या मधल्या बोळात फुगडी घालायला लागल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांना कुठले स्टार दाखवणार? आई असती तर तिनं रुमालात मोजलं असतं आणि तिचं मोजमाप बरोबर निघालं असतं.

थांबा, "असती तर" म्हटलं म्हणून गैरसमज नको. आई छान आहे, गावी आहे. गुडघ्यांमुळं टॉकीज सुटलं. ते टॉकीजही आता मंगल कार्यालय झालंय, त्यामुळं तसा प्रश्नच उरला नाही. ती मला दर शुक्रवारी फोन करते आणि एकच विचारते, "रडवतो का?" माझं छापून आलेलं ती वाचत नाही. चष्मा सापडत नाही म्हणते.

'दशावतार'च्या पुढच्याच शुक्रवारी 'साबर बोंडं' आला. रोहन कानवडेंचा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतलं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं होतं, त्यामुळे इकडं नाव सगळ्यांना ठाऊक आणि खेळ मोजके. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद आईबरोबर दहा दिवस गावी राहतो. नातेवाईक येता-जाता त्याच्या लग्नाचं विचारतात. तिथं लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, आणि त्या दोघांत जे आहे ते कुणाला मोठ्यानं सांगावं लागत नाही. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा ओसरीवरच्या म्हाताऱ्यासारखा एका जागी बसून राहतो. मध्यंतरात माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काही घडतच नाही हो." मला मात्र इतकं घडत होतं की मध्यंतर नको होतं. परीक्षणात मी संयम लिहिलं, अवकाश लिहिलं, दोन पुरुषांमधल्या कोवळिकीबद्दल लिहिलं, आनंदच्या आईबद्दल एक परिच्छेद लिहिला. चार स्टार दिले, अर्ध्याची भेसळ न करता.

शुक्रवारी रात्री आईचा फोन आला.

"रडवतो का?"

"नाही. सुतकाचे दहा दिवस आहेत, पण कुणी फारसं रडत नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सुतकात रडायला कुठं सापडतं? येईल त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं, कसं झालं, किती वाजता झालं, डॉक्टर काय म्हणाले. तुझे बाबा गेले तेव्हा मी तेराव्या दिवसानंतर रडले. तू गेली होतीस पुण्याला."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी? ते जाऊ दे. मोबाइलवर कधी येईल म्हणतेस हा सिनेमा?"