पोच, होकार आणि स्वीकार

दिवसभरात आपण किती ठिकाणी ‘ओके’ लिहितो. कधी त्याचा अर्थ ‘निरोप मिळाला’, कधी ‘बघतो’, कधी ‘ठरलं’. बोलताना सुरावरून कळतं. लेखी व्यवहारात कळत नाही, आणि कटकटी तिथेच सुरू होतात. नुसती पोच द्यायची असेल तर तेवढीच द्यावी: ‘दरपत्रक मिळालं. शुक्रवारपर्यंत कळवतो.’

करारात स्वीकार म्हणजे समोरच्याने जे मांडलं ते जसंच्या तसं मान्य करणं. ‘मान्य आहे, फक्त पैसे पंधरा दिवसांऐवजी महिन्याने देईन’ हे वाक्य होकारासारखं वाटतं, पण तो नवा प्रस्ताव असतो. इंग्लंडमधला १८४० चा हाइड विरुद्ध रेंच हा खटला यावरचाच. रेंचने शेत हजार पौंडांना देऊ केलं. हाइडने ९५० सांगितले, रेंचने नकार दिला. तेव्हा हाइड हजारावर आला. न्यायालय म्हणालं, करार झालाच नाही. ९५० चा आकडा पुढे केला तेव्हाच हजाराचा प्रस्ताव संपला. घासाघीस करताना ‘शेवटी आधीचा भाव तर आहेच’ असं धरून चालणारे इथे फसतात.

नुसत्या चौकशीने मात्र प्रस्ताव संपत नाही. ‘माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने देता येईल का?’ हा प्रश्न झाला, अट नव्हे. स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन (१८८०) या लोखंडाच्या सौद्यात हाच फरक निर्णायक ठरला. तेव्हा आधी प्रश्न विचारून घ्यावेत आणि प्रश्नचिन्ह विसरू नये.

गप्प बसणं म्हणजे संमती, हे घरात चालत असेल. व्यवहारात सहसा नाही. ‘उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन’ असं एका काकाने पुतण्याला लिहिलं होतं. १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली खटल्यात ते टिकलं नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारातही निव्वळ मौन हा स्वीकार नाही. अपवाद आहेतच: दोघांमध्ये वर्षानुवर्षं तशीच रीत असेल, तर गप्प बसणं महागात पडू शकतं.

माल उतरवून घेतला म्हणजे तो स्वीकारला असंही नाही. पण पावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं आधीच छापलेलं असतं आणि गाडीवाला घाईत असतो. खोकी उघडली नसतील तर ती ओळ खोडून लिहावं: ‘बारा खोकी मिळाली, एक दबलेलं, आतला माल तपासायचा आहे’, मग तारीख, वेळ, सही. तपासणीही लगेच करावी. माल बराच काळ काही न कळवता ठेवून घेतला, किंवा विकणाऱ्याचाच आहे असं मानता येणार नाही अशा रीतीने वापरला, तर अनेक कायद्यांत तोच स्वीकार ठरतो. दोष दिसल्यावरही यंत्र ‘तोवर चालवून घेऊ’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

हुंडी (अमुक रक्कम द्या, असा लेखी आदेश) सकारणं हा याच कुळातला, पण सगळ्यात जड स्वीकार. हुंडीवर मान्यतेची सही केली की मुदतीला पैसे देण्याची पहिली जबाबदारी सही करणाऱ्याची.

मनाने स्वीकारण्याच्या बाबतीत घोळ वेगळा होतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या, मरणाला सामोरं जाताना मनाच्या होणाऱ्या पाच अवस्थांत स्वीकार शेवटी येतो. त्या अवस्था मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या, आणि सगळ्या प्रत्येकाला याच क्रमाने येतात असंही नाही. तरी ‘आता स्वीकार की!’ असा तगादा लावला जातो, जणू पुढच्या इयत्तेत जायचं राहिलंय. आजाराचं निदान मान्य असणं आणि ते पटणं, आवडणं किंवा त्याबद्दल राग नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. औषध वेळेवर घेणारा, तपासणीची तारीख पाळणारा माणूस चिडलेला असू शकतो. आजार त्याने स्वीकारलेलाच आहे.