बारवाल्याची वही

सांगलीतल्या एका शाळेच्या वर्गात दर शुक्रवारी पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट भरतो. धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात पेन आणि छोटी डायरी होती. गोळीचं नाव, डॉक्टरचा पत्ता, काय पथ्य, सगळं लिहून घ्यायचं आणि निघायचं असा बेत. दुकान उघडं टाकून आलो होतो. आत पोरांच्या बाकांवर अकरा बायका बसलेल्या. पुरुष मी एकटा. कुणीतरी सरकून जागा दिली. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, "मी नवरा नाही, भाऊ आहे. थोरला." एक-दोघी हसल्या. मग मीही हसलो.

त्याआधी आम्ही काय काय केलं होतं ते सांगतो, कारण बहुतेक घरांत हेच होतं. जोतिबाला नेऊन पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती अकरा दिवस टिकली. मेहुण्याने एक पुडी आणून दिली, 'त्यांच्या नकळत दारू सोडवा' वाली. भावजयीने ती वरणात कालवली. त्या रात्री धाकटा नेहमीसारखा पिऊन आला, जेवला, आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असल्या पुड्यांत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिरम असेल, तर पोटात दारू गेल्यावर शरीरात विषारी द्रव्य साठतं, रक्तदाब एकदम घसरतो. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आम्ही ते वरणातून दिलं असण्याची शक्यता आहे.

दिवाळीत तर कहर केला. मी आणि मामाने त्याला मागच्या खोलीत कोंडलं. 'चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल' हा मामाचा सल्ला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो भिंतीवरच्या मुंग्या झाडत होता. भिंत कोरी होती. मग फिट आली. मिरजेला दवाखाने भरपूर, म्हणून वेळेत पोचलो. डॉक्टर बाई माझ्यावर ओरडल्या, "इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी घरात एकदम तोडायची नसते. मेला असता!" मेंदूला गुंगीची सवय झालेली असते, ती अचानक काढली की तो भडकतो, असं त्यांनी समजावलं. दुसरा ते चौथा दिवस सगळ्यात धोक्याचा. मग सलाईन, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोपेची औषधं. सहाव्या दिवशी घरी आला, नवव्या दिवशी परत प्यायला.

त्याच दवाखान्यातल्या समाजसेविकेने मला या गटाची चिठ्ठी दिली. अल-अनॉन. मला वाटलं, दारुड्यांचीच मीटिंग असेल. ती वेगळी, एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवायचं, अशी ती 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघंही पिणारे. अल-अनॉन त्यांच्या घरच्यांची, 1951 पासूनची. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं.

पहिल्या दिवशी मी वैतागलो. एकजण बोलते, बाकीच्या ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. अरे, मी सल्ल्यासाठीच आलो होतो! एका निवृत्त शिक्षिकाबाई तीन वाक्यं बोलल्या, ती मात्र डायरीत उतरवली: हा आजार मी आणलेला नाही, तो माझ्या ताब्यात नाही, तो मी बरा करू शकत नाही. मनात म्हटलं, मग आपण इथं करतोय काय?

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी मिरजेच्या एक खाला बोलल्या. मुलगा पिऊन पडला की त्या त्याचे कपडे बदलून त्याला पलंगावर झोपवायच्या. सकाळी उठून तो म्हणायचा, मी कुठं पडलो होतो, मी तर पलंगावर होतो! खालांना स्वतःलाच हसू आलं. मला काही हसू आलं नाही. रात्री घरी येऊन मी दुकानाची जुनी बिलबुकं काढून बेरीज मांडली. धाकट्याच्या गाडीचे हप्ते, बारची उधारी, मित्रांचे हातउसने, एकदा फोडलेली काच. वर्षाचे 1,18,000 रुपये. शिवाय कुपवाडच्या कारखान्यात सुपरवायझरला केलेले फोन, "ताप आहे हो त्याला." तो रोज प्यायचा आणि रोज सकाळी पलंगावर उठायचा, आणि त्या पलंगाचे पैसे मी भरत होतो.

पैसे थांबवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. बारचा पोऱ्या वही घेऊन दुकानात आला, 6,400. मी म्हटलं, "ज्याने प्यायली त्याला माग." गिऱ्हाइकांसमोर कान गरम झाले. पुढच्या फोनला सुपरवायझरला खरं सांगितलं. तो भला माणूस, म्हणाला, "उपचार करून आणा, जागा ठेवतो." फायनान्सवाले गाडी घेऊन गेले त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. धाकटा एकोणीस दिवस बोलला नाही. भावजय तेवढी म्हणाली, "दादा, आता माघार घेऊ नका."

मी पैसे थांबवले म्हणून तो सुधारला, असं मात्र मी म्हणणार नाही. गटात अशाही बायका आहेत ज्यांनी सगळं थांबवलं आणि माणूस तरी गेलाच. आमच्याकडे झालं ते असं: त्याचा हात इतका थरथरायला लागला की लेथवर जॉब बांधता येईना. एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "दादा, पुण्याला सोड मला."

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. पस्तीस दिवस. तिथंही घरच्यांना बोलावून आजार समजावतात, तेव्हा मला जरा वर्गात पहिला आल्यासारखं वाटलं, कारण निम्मं मला शुक्रवारांनी शिकवलं होतं.

एका गोष्टीची कल्पना मात्र मला कुणी दिली नव्हती. दारू सुटल्यावर माझाच राग वाढला. तो रोज संध्याकाळी एएच्या मीटिंगला जायचा, तोंडावर तेज, आणि मी शटर ओढताना दात खायचो. दहा वर्षं आम्ही जळलो आणि कौतुक याचं! शिक्षिकाबाईंनी चहा घेताना किस्सा सांगितला. एएच्या त्या दलालाची, बिलची, बायको लोइस हिने नवरा दारू सोडून मीटिंगला निघाला असताना त्याच्यावर बूट भिरकावला होता. मग अल-अनॉन उभं करण्यात तीच आघाडीवर होती. माझा जीव भांड्यात पडला. आपला राग जुना आणि नावाजलेला आहे!

सात महिन्यांनी तो घसरला. भाचीच्या लग्नात, दोन रात्री. पूर्वीचा मी असतो तर कोंडलं असतं. यावेळी आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं: आधी डॉक्टर, मग मुक्तांगणला फोन, मग त्याचा एएमधला जुना साथी. भांडण नाही, पैसे नाहीत. ज्यांच्या जवळपास असं काही नाही त्यांनी सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन लिहून ठेवावी. फोन घरच्यांनीही केला तरी चालतो.

त्याला आता पाच महिने झाले. कामावर आहे. बारवाल्याचे पैसे त्याने स्वतः जाऊन दिले, मी सोबत गेलो नाही. माझ्या 1,18,000 पैकी 41,000 परत करायचे असा आकडा त्यानेच ठरवला, बाकीचं म्हणे 'तू आपणहून दिलेलं'. यावर मी अजून चिडलेला आहे. साडेसहा हजार आले. गेल्या महिन्यात त्याने काहीच दिलं नाही आणि मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं की गप्प बसलो ते बरं झालं, हे या शुक्रवारी बोलणार आहे. सल्ला कुणी देणार नाहीच.