तुम्ही विचारलंत म्हणून: जुना गोल्फ क्लब गेला, आता कमी पैशात कोणता घ्यावा?

पाऊस उघडला, सकाळी जरा गारवा आला की नागपुरातले हौशी गोल्फर बॅगा बाहेर काढतात आणि मग हा प्रश्न येतो. एक क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मोडलाय, दोन गंजलेत, बाकीचे पंधरा वर्षांचे झालेत, हातात पंचवीस-तीस हजार आहेत. नवा सेट घ्यावा की जुना, आणि कोणता?

उत्तर आधीच सांगून टाकतो. त्या पैशात अख्खा सेट बदलू नका. बॅगेतला नेमका कोणता क्लब तुम्हाला नडतोय ते शोधा आणि तेवढाच बदला. नियमात 14 क्लबची मर्यादा आहे ती कमाल आहे, 14 पाहिजेतच असं कुठेही लिहिलेलं नाही. लांब पल्ल्याचे ड्रायव्हर आणि 5 वुड, वुड आणि आयर्नच्या मधला एक हायब्रिड, 6 आणि 8 नंबरचे आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचे क्लब), जवळच्या उंच फटक्यांसाठी पिचिंग वेज, वाळूसाठी सँड वेज आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू ढकलायला पटर एवढ्या आठांत हौशी माणसाचा खेळ आरामात भागतो.

शोधायचं कसं? सकाळी वारा नसताना रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जा. प्रत्येक क्लबने 10 चेंडू मारा, सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडून द्या, उरलेल्या सहांचा कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा जिथे टेकला ते अंतर, वहीत लिहा. एकूण अंतर लिहू नका. उन्हाळ्यात आपली जमीन इतकी टणक होते की चेंडू पुढे भरमसाठ घरंगळतो आणि 8 नंबर 6 नंबरएवढा गेल्याचा भास होतो (एरवी नंबर जितका मोठा, तितकं अंतर कमी). रेंजचे चेंडू झिजलेले असल्याने कमी जातात, त्याची चिंता नको, कारण आपल्याला दोन क्लबांमधला फरक हवाय. तो 10 ते 15 यार्ड असावा. बहुतेकांच्या वहीत 4, 5 आणि 6 आयर्न जवळजवळ एकाच ठिकाणी पडलेले दिसतात. म्हणजे हरवलेल्या 4 आयर्नच्या जागी दुसरं 4 आयर्न विकत घेणं हे पैसे पाण्यात घालणं आहे. तिथे हायब्रिड घ्या, पण नंबर बघून घेऊ नका, लॉफ्ट बघून घ्या, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) किती अंश मागे कललाय ते. शाफ्ट, म्हणजे दांडा, थोडा लांब असल्याने त्याच लॉफ्टचा हायब्रिड आयर्नपेक्षा थोडा पुढे जातो, हे गृहीत धरा.

आता ड्रायव्हर, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर आज पन्नास हजारांच्या वर सहज जातो. पण डोक्याचा आकार 460 घन सेंटिमीटरपेक्षा मोठा नको आणि फेसची स्प्रिंगसारखी उसळी अमुक मर्यादेपलीकडे नको, हे नियम 2004 पासून आहेत. त्यामुळे मधोमध बसलेल्या फटक्याला दहा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यांत फारसा फरक पडत नाही. नव्यात सुधारणा झाली ती कडेला लागलेल्या फटक्यात आणि वजन इकडेतिकडे सरकवण्याच्या सोयीत. सेकंडहँड घ्यायला ड्रायव्हरइतकी चांगली वस्तू नाही. फक्त 9 अंशांच्या मोहात पडू नका. हौशी माणसाच्या वेगाला 10.5 ते 12 अंशच चेंडू नीट उचलतात.

खरी फसगत होते ती आयर्नच्या लॉफ्टमध्ये. जुन्या सेटातलं 7 नंबर 34-35 अंशांचं असायचं, पिचिंग वेज 47-48. आजच्या सोप्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सेटांत 7 नंबर 28 ते 30 अंशांवर आलंय आणि पिचिंग वेज 42 ते 44 वर. दुकानात नवं 7 नंबर मारून बघता, चेंडू पंधरा यार्ड पुढे जातो, तुम्ही खूश होता. प्रत्यक्षात हातात जुनं 6 किंवा त्याहून तगडं आयर्न असतं, तळाशी फक्त 7 लिहिलेलं. जुन्या सेटातल्या हरवलेल्या 7 च्या जागी असं नवं 7 आणून ठेवलंत तर ते तुमच्या 6 च्या अंगावर जाऊन बसतं आणि 8 च्या आधी खड्डा पडतो. एकच आयर्न हवं असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच सालाचं सुटं शोधा, आणि नाहीच मिळालं तर लॉफ्ट विचारून घ्या. अख्खा नवा सेट घेतलात तर खड्डा खाली सरकतो: पिचिंग वेज 43, तुमची जुनी सँड वेज 56, मध्ये 13 अंश. लागोपाठच्या दोन क्लबांत 4-5 अंशांचा फरक असावा लागतो. सत्तर-ऐंशी यार्डांवरून कधी ग्रीनच्या पलीकडे, कधी अलीकडे पडत असाल तर हेच कारण असू शकतं. 49-50 अंशांची एक सुटी गॅप वेज हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

वेज मात्र नवीनच घ्या, माझं मत ठाम आहे. बॅगेत सगळ्यात लवकर झिजणारा क्लब हाच, कारण वाळू आणि माती दोन्ही तो खातो. ग्रूव्ह, म्हणजे फेसवरच्या बारीक खाचा, बोथट झाले की फिरकी जाते आणि चेंडू ग्रीनवर थांबत नाही. नखाची कड ग्रूव्हवरून ओढा. अडकली नाही तर ती वेज गेली. ऑनलाइन ग्रूव्ह धारदार करायची छोटी हत्यारं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. 2010 पासून ग्रूव्हच्या आकाराला आणि कडांच्या धारेला मर्यादा आहे, घासलेली वेज त्याबाहेर गेली की स्पर्धेत चालत नाही.

वेज घेताना बाउन्स विचारा, कारण विदर्भात याचा थेट संबंध जमिनीशी येतो. बाउन्स म्हणजे तळ पुढच्या कडेच्या किती खाली झुकलाय त्याचा कोन. एप्रिल-मे महिन्यात काळी माती वाळून दगड होते, भेगा पडतात. तिथे 12-14 अंश बाउन्सची वेज जमिनीवर आपटून उसळते, पुढची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सापासारखा सरपटत ग्रीन ओलांडतो. जुलैत तीच माती चिखल होते, तेव्हा 4-6 बाउन्सची वेज कुदळीसारखी रुतते. दोन घ्यायची ऐपत असेल तर 52 अंशांची कमी बाउन्सची आणि 56 ची जास्त बाउन्सची घ्या. एकच घ्यायची तर 56 अंश, बाउन्स 8 ते 10. आपल्याकडे खेळ मुख्यतः कोरड्यात होतो, म्हणून कल थोडा कमीकडेच ठेवावा.

शाफ्टबद्दल थोडक्यात. जुन्या लॉफ्टच्या 7 नंबरचा कॅरी 120 यार्डांच्या आत असेल तर हलका ग्रॅफाइट आणि सीनियर फ्लेक्स (म्हणजे जास्त लवणारा), 120 ते 145 असेल तर रेग्युलर, दीडशेच्या पुढे स्टिफ, म्हणजे कडक. हे ढोबळ आहे, पण कुणी आपला जुना सेट फुकट देत असताना उपयोगी पडतं. तगड्या खेळाडूचा 120 ग्रॅमचा स्टिफ स्टीलचा सेट साठीच्या माणसाला दिला की चेंडू ठेंगणा जातो आणि उजवीकडे सुटतो. लांबीचंही तसंच. बूट घालून सरळ उभे रहा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. 34 ते 36 इंच असेल तर स्टँडर्ड लांबी चालते. उंच माणसाचा सेट कापून घेता येतो, पण अर्धा इंच कापला की डोकं हलकं लागायला लागतं, साधारण तीन स्विंगवेट पॉइंट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचं माप). डोक्याला 6 ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवून ते परत मिळवता येतं.

जुना क्लब हातात घेतला की काय बघायचं? आधी हलवा. आत खडखडलं तर इपॉक्सीचा, म्हणजे डोकं चिकटवायच्या गोंदाचा, सुटलेला तुकडा असतो, तो फार धोक्याचा नाही. मग एका हाताने डोकं, दुसऱ्याने ग्रिप धरून उलटसुलट पिळा. कुरकुर आली किंवा डोकं कणभर हललं तर जोड गेलाय. डोकं आणि शाफ्ट जिथे मिळतात तिथली काळी प्लास्टिकची कडी, फेरुल, वर सरकून फट दिसत असेल तर तोच इशारा. ग्रॅफाइटवरून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा. धागे अडकले तिथे तंतू उघडे पडलेत. बॅगेच्या कडेला घासून रंग गेला असेल तर हरकत नाही, खोल खाच असेल तर घेऊ नका. स्टीलचा शाफ्ट टेबलाच्या कडेवर लोळवा, वाकलेला लगेच लडबडतो. गंजाचे डाग पुसले जातात, पण खड्डे पडलेले असतील तर शाफ्ट तिथेच तुटणार. ड्रायव्हरच्या फेसला स्टीलची पट्टी लावून बघा. फेसला मुळात हलका फुगवटा असतो, त्यामुळे पट्टी दोन्ही बाजूंना डुगडुगली पाहिजे. सपाट बसली तर फेस आत दबलाय. अ‍ॅडजस्ट होणारा ड्रायव्हर असेल तर पाना मागून घ्या, आणि लक्षात ठेवा की स्लीव्ह, म्हणजे शाफ्टच्या टोकाची डोक्यात बसणारी नळी, प्रत्येक कंपनीची वेगळी असते, एकीचा शाफ्ट दुसरीच्या डोक्यात बसत नाही. आयर्नचा सेट असेल तर सगळे क्लब भिंतीला टेकवून ओळीने उभे करा. लांबी अर्ध्या-अर्ध्या इंचाने उतरत गेली पाहिजे. मध्येच पायरी चुकली तर एखादा शाफ्ट बदललेला किंवा कापलेला आहे.

तळही उलटा करून बघा. झीज टाचेकडे असेल तर क्लब त्या मालकाला फार उभा बसत होता, टोकाकडे असेल तर फार आडवा. ही झीज त्याच्या स्विंगची आहे, तुमच्या नाही, पण लायची, म्हणजे शाफ्ट आणि तळ यांतल्या कोनाची, चौकशी करायला निमित्त मिळतं. कार्बन स्टीलचे फोर्ज्ड आयर्न मशीनवर एक-दोन अंश सहज वाकवता येतात. ओतीव स्टेनलेस वाकवताना कडक लागतं आणि मोडण्याची भीती असते.

मिळणार कुठे? पहिला माणूस कॅडी, म्हणजे मैदानावर बॅग उचलणारा. कोण सेट काढतोय, कुणाचा ड्रायव्हर कपाटात पडून आहे, हे त्याला सगळ्यात आधी कळतं. दुसरं म्हणजे फौजी वर्तुळ. कामठीची छावणी आणि वायुसेनानगर असलेल्या शहरात बदल्या होतच राहतात, आणि सामान बांधताना जास्तीचा सेट माणूस काढून टाकतो. नव्यात कमी पैशात अर्धा सेट हवा असेल तर डेकॅथलॉनचा इनेसिस बघायला हरकत नाही. तो मिरवायला नाही, पण नीट बनवलेला असतो आणि खरा असतो. खरा हा शब्द मुद्दाम वापरला, कारण नामांकित कंपनीचा सीलबंद नवा सेट कुणी पाव किमतीत देत असेल तर तो बनावट समजा. अक्षरांचा रंग कडेबाहेर गेलेला, सीरियल नंबर नसलेला किंवा पुसट, आणि एकाच सेटातल्या दोन आयर्नच्या फेरुलची उंची वेगवेगळी, या तीन खुणा पुरेशा आहेत. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला सांगणार असाल तर क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इन करावे लागतात, आणि ड्रायव्हरचं डोकं सुटं होत असेल तर ते काढून मोज्यात गुंडाळून आणायला सांगा.

पुष्कळदा क्लब बदलायची गरजच नसते, ग्रिप बदलायची असते. आपल्या उन्हात रबर कडक आणि गुळगुळीत होतं, मग माणूस घट्ट धरतो आणि स्विंग आखडतो. आधी कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश वापरून धुऊन बघा. तरीही निसटत असेल तर जुनी ग्रिप हुक ब्लेडने, ब्लेड स्वतःपासून दूर ठेवून कापा. जुनी टेप पूर्ण खरवडा, दुहेरी चिकटपट्टी लावा, तिचं टोक शाफ्टच्या तोंडात दुमडा. नव्या ग्रिपच्या तळाचं भोक बोटाने बंद करून आत टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर सोडा आणि एका दमात शेवटपर्यंत ढकला. अर्ध्यात थांबलात की ती तिथेच बसते. सरळ करायला मिनिटभर मिळतं, मग रात्रभर हात लावू नका. पेट्रोलने लवकर होतं म्हणून लोक पेट्रोल वापरतात. बंद खोलीत ते करू नका. ग्रिप धरल्यावर वरच्या हाताची मधली बोटं तळव्याच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर खाली मास्किंग टेपचे एक-दोन जादा थर द्या.

सुटलेलं डोकं परत बसवतानाही एक चूक नेहमीची. पाच मिनिटांत वाळणारं चिकटद्रव्य ठिसूळ असतं, धक्क्याला टिकत नाही. दोन ट्यूबवालं, सावकाश वाळणारं इपॉक्सी घ्या, जे इतवारीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. होझल, म्हणजे डोक्यातलं शाफ्ट बसायचं भोक, आतून आणि शाफ्टचं टोक बाहेरून सँडपेपरने घासा, स्टील असेल तर क्रोमची चकाकी जाईपर्यंत. दोन्ही भाग समान मिसळा, बसवा, उभं ठेवा, पूर्ण 24 तास थांबा, डिसेंबरच्या थंडीत आणखी जास्त. नवा शाफ्ट घालायचा असेल तर आयर्नच्या होझलचं माप बघा, 0.355 इंची निमुळतं की 0.370 इंची सरळ. निमुळत्यात सरळ जात नाही आणि सरळ होझलात निमुळतं डगमगतं.

आणि मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर 45 अंश असताना बंद डिकी त्याच्या कितीतरी वर जाते, इपॉक्सी मऊ पडतं, फेरुल वर चढायला लागतो. पुढच्या सकाळी पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, डोकं चेंडूच्या आधी निघून जाऊ शकतं, आणि समोर कॅडी उभा असतो.