तुम्ही विचारलंत म्हणून: ती निळी पिन

"मॅडम, जुना कॉम्प्युटर नव्या मॉनिटरला जोडायची पिन कुठे मिळेल हो?" महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. विचारणारे बहुतेक आमच्याच डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावायच्या) धंद्यातले, नाहीतर त्यांची मुलं. माळ्यावर पेंटियम पडलेला असतो. त्यात वडिलांनी टाइप केलेला कुलवृत्तांत असतो, नाहीतर देवस्थानच्या जुन्या स्मरणिका. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर उघडली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर वाचायचं कसं? त्यात सॉफ्टवेअरला मागच्या पॅरलल (प्रिंटरच्या) पोर्टमध्ये लॉक लागायचं; ते खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचं नाही. म्हणजे तेच मशीन चालू करणं आलं. आणि जुना, काचेच्या नळीचा डबडा मॉनिटर तर कधीच भंगारात गेलेला.

मग फोनवर पुढचं वाक्य ठरलेलं: "पिन आणलीय, पण काहीच दिसत नाही."

मी विचारते, पिन कुठून कुठे जाणारी आहे? समोर शांतता. जुन्या मशीनचं निळं पोर्ट म्हणजे व्हीजीए, नव्या मॉनिटरचं चपटं पोर्ट म्हणजे एचडीएमआय. दुकानात सहज मिळते ती एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारी, नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर लावायला केलेली. तुम्हाला हवी ती बरोब्बर उलटी, व्हीजीएकडून एचडीएमआयकडे. दिसायला दोघी बहिणी-बहिणी, पण रस्ता एकेरी. खोक्यावर 'टू' या शब्दाच्या कुठल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरं तर तिला पिन म्हणणंच चूक. व्हीजीए आलं 1987 साली, आयबीएमच्या पीएस/2 मशीनांबरोबर. त्या पंधरा पिनांमधून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांवरून जातात, तेही व्होल्टेजच्या रूपात: शून्य म्हणजे काळोख, सुमारे 0.7 व्होल्ट म्हणजे भरगच्च रंग. ओळ कधी संपली आणि पान कधी संपलं हे सांगायला आणखी दोन तारा. एचडीएमआयला यातलं काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून तुम्ही पिन म्हणता त्या मधल्या डबीत एक चिप बसून सतत व्होल्टेज मोजते आणि आकडे करून पुढे पाठवते. चिपला वीज हवी. डबीतून लोंबणारी यूएसबीची वायर त्यासाठीच असते आणि नेमकी तीच लोक जोडत नाहीत. मी सरळ मोबाइलच्या चार्जरला लावते, जुन्या मशीनवर तेवढाही भार नको.

हा 'पिन'चा घोळ डीव्हीआय नावाच्या, मॉनिटरच्याच आणखी एका पोर्टमुळे झाला असावा असं मला वाटतं. डीव्हीआय-आय प्रकारच्या पोर्टमध्ये जुना व्होल्टेजवाला सिग्नलही असतोच, त्यामुळे तिथे चिप नसलेली साधी पिन लावली तरी व्हीजीए मॉनिटर चालतो. एकदा चाललं, की माणूस सगळीकडे तेच धरून बसतो.

डबी बरोबर, वीजही दिलेली, तरी मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज'? हा आपणच करून ठेवलेला उद्योग. डबड्या मॉनिटरवर 60 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला साठदा चित्र) डोळे दुखायचे, म्हणून आपण सगळ्यांनी सेटिंगमध्ये 85 करून ठेवलं होतं. बहुतेक साधे एलसीडी (चपटे मॉनिटर) 75 च्या वर जात नाहीत. विंडोज एक्सपी असेल तर सुरू होताना एफ8 दाबत राहा, 'इनेबल व्हीजीए मोड' निवडा, आत गेल्यावर 60 करा आणि पुन्हा चालू करा. टीव्हीवर अक्षरं पसरट दिसली तर टीव्हीच्या मेनूत 4:3 शोधा.

पण मला विचाराल तर डबीच्या नादी लागूच नका. सेकंडहँड बाजारात सतरा इंची 'स्क्वेअर' एलसीडी मागा. त्याला निळं पोर्ट असतंच. केबल लावा, पुढचं 'ऑटो'चं बटण दाबा, अक्षरं जागेवर बसतात. डबीतून आलेल्या चित्रापेक्षा बारीक मराठी अक्षर, विशेषतः रफार आणि अनुस्वार, तिथे कितीतरी स्वच्छ दिसतात.

परवा इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी हे सगळं ऐकलं, स्क्वेअर मॉनिटर आणला, जोडला आणि उत्साहाने फोन केला, "आलं, आलं! काहीतरी लिहून आलंय."

"काय लिहिलंय?"

"कीबोर्ड सापडत नाही म्हणतोय. पुढे जायला एफ1 दाबा म्हणतोय."

गोल पिनेचा कीबोर्ड मॉनिटरबरोबरच भंगारात गेला होता.