रात्रीच्या रानातला डबा आणि शेवटचे तीन गुंठे

दाट झाडीखाली फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवणारच. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण तीन गुंठे रान झालं. करवंदीच्या जाळ्या, कारवी आणि दगडांनी भरलेल्या तेवढ्या तुकड्यात, अंधारात, जेवणाच्या डब्याएवढी वस्तू शोधायची. रात्रीच्या जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधण्याच्या खेळाचा, खरा कस या तीन गुंठ्यांत लागतो.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तेव्हापासून पद्धत तीच आहे: कुणीतरी डबा लपवतो, आकडे जाहीर करतो, शोधणारा आतल्या वहीत नाव लिहून डबा होता तसा परत ठेवतो. रात्रीच्या प्रकारात पहिले आकडे फक्त सुरुवातीची जागा सांगतात. पुढची वाट टॉर्चच्या उजेडात चमकणाऱ्या खुणांवरून काढायची असते आणि शेवटी डब्याची जागा पुन्हा आकड्यांवरून शोधायची.

आधी जागेचं बोलू. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान, सागरेश्वर अभयारण्य इथे रात्री शिरायचा विचारही करू नये. इतर राखीव जंगलासाठीही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागते. सातारा-सांगलीकडच्या जावळी, पाटण, शिराळा भागात मालकीची झाडी सापडते, तिथे मालकाला विचारून खेळणं सगळ्यात सरळ. गावच्या पोलीस पाटलांना वेळ आणि माणसं किती तेही सांगून ठेवावं. डोंगरात रात्री फिरणारे टॉर्च पाहून गाव जागं होतं, आणि ते योग्यच आहे. देवराईत डबा ठेवू नये, शोधायलाही जाऊ नये.

मग आकडे. जिओकॅशचे आकडे अंश आणि दशांश मिनिटं या रूपात असतात, उदाहरणार्थ उत्तर १७° ४१.५००'. हेच कुणी नकाशाच्या ॲपमध्ये १७.४१५ असं टाकलं तर नुसत्या अक्षांशाच्या चुकीनेच ठिकाण तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं. साताऱ्याजवळची जागा पार उंब्रजच्या पट्ट्यात जाते. बरोबर रूपांतर १७.६९१७. मिनिटाचा तिसरा दशांश एकाने बदलला तर अक्षांशात सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो, त्यामुळे शेवटचा आकडाही निष्काळजीपणे उतरवू नये. नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्यावा. रेंज नसताना फोन बराच वेळ बंद राहिला असेल तर उपग्रह पकडायला त्याला काही मिनिटं लागू शकतात, म्हणून झाडीत शिरण्याआधी मोकळ्यावर उभं राहून जागा पक्की होऊ द्यावी. कड्याच्या पायथ्याशी उपग्रहाचा संकेत खडकावर आपटून येतो आणि फोनवरचा दिशा दाखवणारा बाण भरकटतो. अशा ठिकाणी बाणामागे पळण्यात अर्थ नाही.

आता उजेड. या खेळाचं मर्म इथे आहे आणि नवखे नेमके इथेच अडतात.

खुणा बनवण्यासाठी ट्रकच्या मागे लावतात ती चमकणारी पट्टी घ्यावी. तिचे दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून कपड्यांच्या लाकडी चिमट्यांना चिकटवावेत आणि चिमटे फांद्यांना लावावेत. झाडात खिळे किंवा टाचण्या ठोकू नयेत. ही पट्टी प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते, त्यामुळे टॉर्च डोळ्याच्या जितका जवळ तितकी खूण ठळक. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चने पन्नास मीटरवरची खूण दिसते, कारण तेवढ्या अंतरावर टॉर्च आणि डोळा यांच्यातला कोन एक अंशाच्या आसपास असतो. तीच खूण दहा मीटरवर आली की कोन पाच अंशांवर जातो आणि खूण विझल्यासारखी वाटते. लोक म्हणतात, 'आत्ता तर होती!' टॉर्च कानशिलाला लावून पाहा, लगेच सापडेल. हेडलॅम्प याच कारणासाठी चांगला. चालायला दोनशे-तीनशे ल्युमेन पुरतात, त्याशिवाय लांब झोत टाकणारा एक हातातला टॉर्च असावा. धुक्यात मात्र उलटं करावं लागतं. डोळ्याजवळचा उजेड धुक्यावरून परत येऊन समोर पांढरी भिंत उभी करतो, तेव्हा पायवाट पाहायला टॉर्च खाली धरावा.

चमकणारं सगळंच खूण नसतं. जमिनीलगत हिरवट-निळे बारीक ठिपके दिसले तर ते बहुधा कोळ्यांचे डोळे. वाटेवर बसलेल्या रातवा पक्ष्याचा डोळा तांबूस चमकतो. पानांवरचं दवही झगमगतं, पण तुम्ही दोन पावलं सरकलात की त्याची चमक इकडून तिकडे उडते. पट्टीची चमक जागेवर राहते. दोन डोळे जोडीने दिसले आणि हलले तर तिथेच थांबावं, मोठ्याने बोलत सगळ्यांनी एकत्र मागे यावं. गवा, रानडुक्कर, बिबट्या, कुणीही असू शकतं. उसाच्या कडेने जाणारी वाट रात्री टाळावीच. शेताच्या बांधावरची तार हाताने बाजूला करू नये. रानडुकरांसाठी कुणी वीज सोडलेली असेल तर जीव जातो. कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तिकडे झोत टाकू नये, या माश्या रात्रीही उजेडाच्या दिशेने येतात.

खुणा संपल्या की बाणामागे न पळता थांबावं. फोन सपाट दगडावर मिनिट-दोन मिनिटं ठेवून जागा स्थिर होऊ द्यावी, मग तीन वेगवेगळ्या बाजूंनी तिथे चालत यावं आणि प्रत्येक वेळी फोनवरचं अंतर जिथे शून्याकडे येतं तिथे काठी रोवावी. तीन काठ्यांच्या मधून शोध सुरू करावा. एकाने झोत धरावा, दुसऱ्याने काठीने पाचोळा हलवावा. न दिसणाऱ्या जागेत हात घालू नये. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही साप आपल्याकडे आहेत आणि फुरसं तर दगडाखालीच बसतं. अतिनील टॉर्च जवळ असेल तर दगडांवरून फिरवावा, विंचू हिरवट-निळा उजळतो. लाल विंचवाचा दंश हलका घेऊ नये. त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ करण्यात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा मोठा वाटा आहे, पण ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरणं-चोखणं नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. वन्यप्राण्याबद्दल काही कळवायचं असेल तर वनविभागाचा क्रमांक १९२६.

हे सगळं डबा लपवणाऱ्यालाही लागू आहे, किंबहुना त्याला जास्त. डबा गुडघ्याच्या वर, झाडाच्या बेचक्यात किंवा झोतात आरपार दिसेल अशा कपारीत ठेवावा. पुरायचा नाही. चार बाजूंनी क्लिप लागणारा पारदर्शक डबा घ्यावा आणि हा काय खेळ आहे ते मराठीत लिहून बाहेर चिकटवावं. बेवारस बंद डबा पाहून लोक घाबरतात. आत खाण्याचं काही ठेवू नये, मुंग्या येतात आणि माकडं डबाच उचलून नेतात. पेनऐवजी पेन्सिल ठेवावी, कारण ओलसर कागदावर पेन उठत नाही. वही झिपच्या पिशवीत घालावी. झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पहिल्या पावसात आत पाणी शिरतं, म्हणून बंद करताना बोटाने रबर पुसून घ्यावं.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात जळवा आणि धुकं, तर फेब्रुवारीनंतर वणवे. वणव्याचा पट्टा असेल तिथला डबा तेव्हा काढून घ्यावा, वितळलेलं प्लास्टिक रानात राहू नये. चिमटेही मोजून लावावेत आणि मोजूनच काढावेत.

माणसं तीन ते पाच असावीत, एकटं जाऊ नये. निघण्याआधी परतायची वेळ गावात एकाला सांगावी आणि त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर त्याने कुणाला उठवायचं हेही ठरवून ठेवावं. जिथे खुणा लावल्या ती वाट एकदा दिवसाउजेडी चालून पाहिलेली असावी. विहीर, दरड, तुटलेला बांध रात्री झोतात कळत नाहीत.